क्षमेचं दार

स्पेनमध्ये सेंट जेम्सच्या कबरीकडे, सांतियागो दे कंपोस्तेलाला, पायी यात्रेला निघाले होते. लेओन, अस्तोर्गा मागे पडलं. क्रूस दे फेर्रो या लोखंडी क्रुसाखालच्या दगडांच्या ढिगावर सगळ्यांसारखा मीही बरोबर आणलेला दगड ठेवला, गुडघे टेकले, रडले, आणि ओझं उतरलं म्हणून चालू लागले. मोलिनासेकाच्या दगडगोट्यांच्या उतारावर डाव्या टाचेला फोड आला.

पोनफेराडाच्या मुक्कामी शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. रात्रभर घोरले. पहाटे चारला उठून प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सॅक भरायला लागले, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले. मराठीतच. शब्द कळले नसतील, आवाज कळलाच. सगळं सामान छातीशी धरून ते अनवाणी बाहेर गेले. आदल्या संध्याकाळी चर्चमधल्या मिस्सेत मी प्रभूची प्रार्थना म्हटली होती: आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर.

प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, नको असलेलं वाईट तेच घडतं. हे वाचताना मी नेहमी मान डोलवत आले. त्या दिवशी प्रत्येक पावलाला ते टाचेत टोचत होतं. नव्या करारात पापाला जो ग्रीक शब्द आहे, 'हमार्तिया', त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. माझा चुकला होता तो अगदी हाताच्या अंतरावरून. जुना ख्रिस्ती शिक्षक पेलॅगियस म्हणे, माणसाने मनावर घेतलं तर त्याला निष्पाप राहता येतं. देवाच्या कृपेशिवाय ते शक्य नाही म्हणत बिशप ऑगस्टीन त्याच्याशी वर्षानुवर्षं झगडला, ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण फेटाळली. मी स्वतःला ऑगस्टीनच्या बाजूची समजायचे. पण दगड ठेवताना मनात पेलॅगियसच होता: एवढी चालले, आता मी शुद्ध.

काकाबेलोसच्या पुढे द्राक्षमळ्यांतून रस्ता चढतो. ऊन रणरणत होतं. फोड फुटला, मोजा चिकटला, मी बांधावर बसले. प्रार्थना सुचेना, चालणाऱ्या प्रत्येकाचा राग येत होता. मागून आजोबा आले. मी मान खाली घातली.

ते थांबले. सॅक उतरवून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. मी पाय मागे घेतला. त्यांनी घोटा धरून ठेवला, घट्ट नाही, पण सोडलाही नाही. येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा पेत्र त्याला म्हणाला होता, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ती नम्रता नव्हे, हे मला तिथे कळलं. ज्याचं आपण देणं लागतो त्याच्याकडून घेणं फार जड जातं. त्यांनी मोज्यावर पाणी ओतलं, तो भिजेपर्यंत थांबले, मग एकेक धागा सुटा करत काढला. आयोडीन, गॉझ, वर चिकटपट्टी. नखांत माती होती, बोटं थरथरत होती. मी "सॉरी" म्हणाले. त्यांना वाटलं दुखतंय. त्यांनी वाकून टाचेवर फुंकर घातली.

मी पुन्हा म्हणाले. त्यांनी पुन्हा फुंकर घातली.

विलाफ्रांकात शिरताना सेंट जेम्सचं चर्च लागतं. त्याचं उत्तरेचं दार ते क्षमेचं दार. आजारपणाने ज्याला पुढे जाववत नसे, त्याला कंपोस्तेलाची दंडमुक्ती, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट, या दारातच मिळे. अजून साधारण १८५ किलोमीटर उरलेले असताना! न पोहोचलेल्यालाही पोहोचल्याचंच दान. सेंट जेम्सचा सण, २५ जुलै, रविवारी येतो त्या पवित्र वर्षातच ते उघडतं, पुढचं २०२७. मी गेले तेव्हा बंद होतं. पायरीवर बसून राहिले, घंटा होईपर्यंत.

रात्री आजोबांची खाट पुन्हा माझ्याच शेजारी आली. घोरणं सुरू झालं आणि चीड आली, तीच, तेवढीच. मी कुशीवर वळले, पट्टी बांधलेली टाच पांघरुणाबाहेर काढली आणि प्रभूची प्रार्थना पहिल्या ओळीपासून म्हणायला घेतली.