डॉलर सोन्याला की खताला?
पेरणी तोंडावर अन् आज कृषी केंद्रापुढं डीएपी या नत्र-स्फुरदाच्या (नायट्रोजन-फॉस्फरसच्या) खतासाठी ही रांग! सोनं आणि पोटॅश खत, दोन्ही बाहेरून येतात, दोन्हीला डॉलरच मोजावे लागतात. 1991 मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा देशानं सुमारे 47 टन सोनं गहाण टाकलं होतं. श्रीलंकेनं 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात थांबवली, भाताचं पीक घसरलं. डॉलर कमी असले की आधी इंधन, औषध, खत. लग्नातला हार थांबतो, सोयाबीन थांबत नाही.

डीएपी मिळत नसेल तर अडून बसू नका. एका बॅगेऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा आणि 20 किलो युरिया. स्फुरद 24 किलो, नत्र 9 किलो, जवळपास तेवढंच; वर गंधक मिळतं, ते तेलबियांना हवंच. फक्त युरिया बियाण्याला चिकटू देऊ नका, उगवण मार खाते.