साउथगेटची पेनल्टी

१२ जुलै २०२१, पहाटेचे सव्वातीन. घरचे जागे होऊ नयेत म्हणून टीव्हीचा आवाज बंद, हातात गार झालेला चहा. इंग्लंड-इटली, फुटबॉलच्या युरो कपची फायनल, पेनल्टीवर गेलेली. पण माझं लक्ष खेळाडूंपेक्षा मैदानाबाहेर उभ्या इंग्लंडच्या कोचकडे, गॅरेथ साउथगेटकडेच.

लंडनच्या याच वेम्बलीवर, तिथल्या जुन्या स्टेडियममध्ये, १९९६ च्या युरोत जर्मनीविरुद्धच्या सेमीफायनलला खेळाडू म्हणून सहावी पेनल्टी त्याने घेतली होती. गोलकीपर क्योप्केने अडवली, इंग्लंड घरी. तेवीस वर्षांचा असेन मी, ऑफिसात दोन दिवस त्यालाच शिव्या घातल्या होत्या!

२०१६ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे कोच ॲलर्डाइस यांनी एका मॅचनंतर पद सोडलं आणि एकवीस वर्षांखालच्या संघाचा हा कोच वर आला. फार कुणाला अपेक्षा नव्हती, मला तर मुळीच नाही. पण २०१८ च्या वर्ल्डकपला कोलंबियाला पेनल्टीवर हरवलं, आणि जल्लोष सोडून हा गडी पेनल्टी चुकलेल्या उरिबेला जवळ घेत होता. तिथे मी विरघळलो.

आणि आता रॅशफर्डचा बॉल खांबाला. सांचोचा अडवला. शेवटी एकोणीस वर्षांचा साका. खरं सांगायचं तर पाचवी पेनल्टी त्या पोराला द्यायला नको होती, अजूनही माझं तेच मत. साकाचीही अडवली. साउथगेट गेला आणि त्याला छातीशी धरून उभा राहिला.

नंतर म्हणाला, पेनल्टी कोणी घ्यायची ते मी ठरवलं, जबाबदारी माझी.

२०२४ ला स्पेनकडून पुन्हा युरोची फायनल हरला, मग राजीनामा. १०२ सामने, कप एकही नाही. चहा तसाच ओतून दिला होता त्या रात्री.