कोणाचं लॉगिन, कोणाच्या नोंदी

आज दिवसभर लॉगिनची यादी साफ करत बसले. पेशंटचे रेकॉर्ड कोणाला किती दिसावेत, एवढाच प्रश्न. पण वॉर्डात गेलं की त्याला दहा फाटे फुटतात. बिलिंगला मानसोपचाराच्या नोंदी कशाला हव्यात, यावर कोणी वाद घालत नाही. गाडी अडते ती पाळी बदलताना. सकाळी एका सिस्टरांनी लॉगिन केलेलं, संध्याकाळपर्यंत त्याच नावावर सगळ्यांच्या नोंदी. "मॅडम, दर वेळी पासवर्ड टाकत बसू की सलाईन लावू?" त्यांचंही खरंच आहे. कार्ड टेकवलं की उघडणारं लॉगिन द्या, नुसती परिपत्रकं काढून काय होणार?

इमर्जन्सीत मात्र अडवणूक नकोच. कारण लिहून रेकॉर्ड उघडता यावा, आणि दुसऱ्या दिवशी ते कारण कोणीतरी तपासावं. (तपासतं कोण, हा वेगळा विषय!)

पोर्तुगालमधल्या बारेइरोच्या हॉस्पिटलला २०१८ मध्ये ४ लाख युरो दंड झाला होता. डॉक्टर २९६, पण डॉक्टर म्हणून चालू असलेली लॉगिन ९८५! हसू नका, आमच्याही यादीत कधीच नोकरी सोडून गेलेल्यांची नावं निघतायत. उद्या एचआरकडून राजीनाम्यांची यादी मागवलीय.