पोचलं का?

कन्साइन हा शब्द मला इंग्रजीच्या तासाला भेटला नाही. तो मागच्या पडवीत भेटला, भाताच्या पेंढ्यात आणि हापूसच्या वासात. एप्रिल लागला की अण्णा आंब्याच्या पेट्या वाशीला पाठवायचे. ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, वरच दोन रकाने असत, एक कन्सायनरचा आणि दुसरा कन्सायनीचा. मी सहावीत होतो. अक्षर बरं म्हणून ते रकाने भरायचं काम माझ्याकडे. पहिला रकाना म्हणजे आपण, दुसरा म्हणजे दलाल, एवढं अण्णांनी सांगितलेलं. मला ती कुणा दोन गुजराती भावांची नावं वाटायची.

पेटीला फळ्या ठोकून झाल्या की शेवटचं काम मार्क्याचं. एका पत्र्यात अण्णांची आद्याक्षरं कापून घेतली होती. पत्रा पेटीवर दाबून धरायचा आणि काळ्या रंगात बुडवलेला बोळा वरून फिरवायचा. हात हलला की अक्षरं फिसकटायची आणि अण्णा भडकायचे. "आंबा एखादा डागी गेला तर चालेल, मार्का नीट पायजे. तिकडे मला कोण ओळखतो? मार्क्याला ओळखतात."

पुढे कधीतरी शब्दकोश चाळताना कळलं की अण्णा लॅटिन बोलत होते. कन्साइनच्या पोटात 'सिग्नम' आहे, म्हणजे खूण, शिक्का. 'कन्सिग्नारे' म्हणजे मोहोर उमटवणे. आधी शिक्का, मग सोपवणं, मग माल पाठवणं, असा तो शब्द सरकत गेला. सही करण्यातला 'साइन' तोच. म्हणजे मार्का मारल्याशिवाय पाठवलेली पेटी ही, शब्दाला जागायचं तर, कन्साइन केलेली नव्हेच. ती नुसतीच गाडीत टाकलेली.

माल पाठवला म्हणजे विकला असं नाही, ही या धंद्यातली खरी गंमत. पेटी वाशीला पोचली तरी आंबा आपलाच. दलाल विकून द्यायचा, त्याची दलाली कापून घ्यायचा. हिऱ्यांच्या आणि दागिन्यांच्या बाजारात याच्याच जवळचा प्रकार जांगड म्हणून चालतो. माल त्याच्या हातात, मालकी आपली, पटलं तर घेईल नाहीतर परत करील. हिरा परत येतो. आंबा कुठला यायला! त्यामुळे आमच्याकडे सगळी वाट पट्टीची. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा हिशोबाचा कागद. इतक्या पेट्या, हा भाव, वजा भाडं, वजा हमाली, वजा वाराई, वजा दलाली. आणि खाली कधीकधी दोनच शब्द: 'माल नरम'. या दोन शब्दांनी आमच्या घरातल्या कितीतरी संध्याकाळी खाल्ल्या आहेत. माल इथून निघताना दगडासारखा होता, हे अण्णा आईला सांगत बसायचे. आई म्हणायची, "मला काय सांगता? त्याला सांगा." त्याला सांगायची सोय नव्हती, कारण पुढच्या पेट्याही त्याच्याकडेच जायच्या होत्या.

तरी पट्टी यायची. शिव्या घालायला का होईना, पलीकडे कुणीतरी होतं.

म्हणून मला या शब्दाचं पुढे जे झालं त्याचं नवल वाटतं. मोहोर लावून, विश्वासानं हाती देण्याचा हा शब्द. आणि इंग्रजीत आज तो बऱ्याचदा भेटतो तो काहीतरी फेकून देताना. जुनी कल्पना विस्मृतीत कन्साइन करतात, हरलेला पक्ष इतिहासाच्या कचराकुंडीत. ती कचराकुंडी रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीची. 1917 च्या ऑक्टोबरात सभात्याग करणाऱ्या मेन्शेविकांना, म्हणजे विरोधी गटाच्या समाजवाद्यांना, त्यानं तिचा रस्ता दाखवला होता. आपण त्या जागी 'इतिहासजमा' म्हणतो. मला आपला शब्द जास्त सभ्य वाटतो. रागानं बोललं तरी जमेच्या बाजूला मांडलं, खात्यावर घेतलं. कचऱ्याची कुठे नोंद असते?

दिल्लीतल्या खालच्या कोर्टांच्या आदेशात शेवटी एक ओळ असते, फाइल रेकॉर्ड रूमला कन्साइन करावी. आपल्याकडे तेच 'दप्तरी दाखल'. बोलताना आपण ते 'मेलं प्रकरण' अशा अर्थानं म्हणतो; बासनात गुंडाळलं, आता विसरा. पण पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून पडलेले मोडी कागद इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी उलगडले, निवडले, आणि 1930 पासूनच्या चार-पाच वर्षांत त्यांचे 45 खंड निघाले. रुमाल बांधणाऱ्या कारकुनानं कागद फेकले नव्हते, ठेवले होते. कुणासाठी, ते त्यालाही ठाऊक नसणार. कन्सायनीचा रकाना कोरा ठेवून पाठवलेला माल, दीडशे-दोनशे वर्षांनी सोडवून घेतला गेला.

हवाली, सुपूर्द, स्वाधीन हे आपले शब्द अजून तसे शाबूत आहेत. हवाली करायला हवालदार लागतो, आणि शिवकाळात गडाच्या किल्ल्या ज्याच्याकडे असत तोही हवालदारच. 'स्वाधीन'चं मात्र मला लहानपणापासून कोडं आहे. स्व-अधीन म्हणजे स्वतःच्या ताब्यात. मग चोराला 'पोलिसांच्या स्वाधीन' कसं करतात? स्व नक्की कुणाचा? व्याकरणवाल्यांकडे उत्तर असेल. मी विचारलेलं नाही, कोडं सुटलं तर चुकल्याचुकल्यासारखं होईल.

आपली इंग्रजी वर्तमानपत्रं हा शब्द आणखी एके ठिकाणी नेमानं वापरतात. कुणी मोठा माणूस गेला की त्याचं पार्थिव 'फ्लेम्सना कन्साइन' केलं जातं. अण्णा रोज त्यातलं एक वाचायचे, वाशीचा भाव छापून येतो का ते बघायला. एकदा अशी बातमी वाचून म्हणाले, "म्हणजे कन्सायनी कोण रे? अग्नी?" मी हो म्हटलं. "मग पट्टी कोण पाठवणार?" आणि स्वतःच हसले.

मी चुकीचं सांगितलं होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं सोळावं सूक्त अंत्यसंस्काराचं आहे. त्यात अग्नीला आधी विनवलंय की याला पार जाळून टाकू नकोस, आणि पुढे, हा पक्व झाला की याला पितरांच्या हाती दे. शब्द आहेत 'परि दत्तात्पितृभ्यः'. परि-दा म्हणजे सुपूर्द करणं. थोडक्यात अग्नी हा कन्सायनी नव्हेच, तो ट्रान्सपोर्टवाला. माल पितरांच्या नावे, आणि वर 'नीट ने, नासधूस करू नकोस' ही सूचना. शिवाय पक्व झाल्यावरच द्यायचं. हे अण्णांना फार आवडलं असतं. कच्चा माल पाठवणाऱ्यांवर त्यांचा राग होता. पण सूक्त माझ्या वाचनात आलं ते ते गेल्यावर.

ते गेले मे महिन्यात, ऐन हंगामात. दहाव्याला नदीवर पिंड मांडले. कावळे समोरच्या आंब्यावर बसून होते, एकही खाली येईना. अर्धा तास गेला. भटजी घड्याळ बघू लागले. मी मनातल्या मनात जे जे कबूल करता येईल ते केलं: कलमं विकणार नाही, आईला मुंबईला ओढून नेणार नाही. कावळे ढिम्म. मग धाकट्या काकांना काय सुचलं कुणास ठाऊक, घरून हापूस मागवला आणि त्याची एक फोड पिंडावर ठेवली. मिनिटभरात एक कावळा उतरला, मान वाकडी करून त्यानं फोड बघितली, चोच मारली, आणि अर्धी तिथंच टाकून उडाला.

"पोचलं," काका म्हणाले.

मागे उभा असलेला चुलतभाऊ हळूच पुटपुटला, "अर्धी ठेवलीन. माल नरम."