तळ जाड राहिला

कुंभारकाम शिकायला लागले, आज सहाव्या रविवारी शिकवणाऱ्या ताईंनी हात न लावता माझा मातीचा गोळा चाकावर मधोमध बसला. आजवर माती लडबडायची आणि तिच्यासोबत मीही. "हातांनी ढकलू नका हो, कोपर मांडीत रोवा आणि अंग पुढं टाका," हे ताईंनी पन्नासदा तरी सांगितलं असेल. आज कोपर रोवलं, श्वास सोडला आणि तळव्याखालची थरथर एकदम थांबली. चाक गरगर फिरतंय, पण गोळा जागच्या जागी उभा!

माती मळायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. तीस वर्षं कणीक तिंबतेय. (इथं फक्त तेलाचा हात नाही.)

माझा पहिला मग भट्टीत फुटला. मला वाटलं, हवेचा बुडबुडा राहिला असेल. ताईंनी ठिकरी हातात दिली. तळ बोटभर जाड! वरून वाळलेला, आतून ओला. १०० अंशांपुढे त्या ओलीची वाफ होते, वाट मिळाली नाही की भांडं फोडून निघते. शेजारच्या वाटीचाही टवका गेला. वाटी जिची, तिची नजर मी दोन रविवार चुकवली. गोरोबाकाका थापटणं मारून कच्चं-पक्कं सांगायचे म्हणतात, मला त्यांचा हेवाच वाटतो.

दुसरा मग वाचला. पण वाळताना नि भाजताना ही माती १०-१२ टक्के आकसते, ते मी धरलंच नव्हतं. ह्यांनी त्यात चहा ओतला आणि म्हणाले, "वा, कटिंगचा ग्लास केलास होय!"