एडिटरमधले नाव आणि टर्मिनलमधले नाव

लातूरच्या एका लहान सॉफ्टवेअर कार्यालयात मी काम करतो आणि सोयाबीन खरेदीसाठी नोंदवलेल्या शेतकऱ्यांची यादी सांभाळणारी प्रणाली आमच्याकडे आहे. गेल्या हंगामात मी खरेदी केंद्रावर बसलेलो असताना एक वृद्ध शेतकरी छापील यादी घेऊन आले. त्यांचे आडनाव येथे लिहीत नाही. ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘बऱ्हाटे’ यांच्यासारखे, मधोमध ‘ऱ्ह’ असलेले ते होते. संगणकात शोधले की नोंद मिळत नव्हती. कागदावरच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, “साहेब, नाव तर ह्याच्यात हाय, मंग गावंना कसं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

संध्याकाळी कार्यालयात येऊन मी त्यांच्या नावाच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नोंदी एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या खिडकीत, शेजारी ठेवल्या, तेव्हा त्या अक्षरशः एकसारख्या दिसल्या. आमच्या प्रकल्पात सर्वांसाठी सेटिंगची एक सामाईक फाइल आहे. त्यात आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रामच्या एडिटरसाठी आयोसेव्हका हा अरुंद फॉन्ट आणि त्याच्या मागे नोटो सॅन्स देवनागरी लावलेला आहे. लांब ओळी एका नजरेत मावतात म्हणून ती निवड चांगलीच आहे. मात्र अदृश्य चिन्हांभोवती चौकट दाखवण्याची सोय त्याच फाइलमध्ये बंद केलेली होती, कारण मराठी मजकुरात चौकटी फार दिसतात अशी तक्रार आली होती. तक्रार आली की कारण न शोधता ती दिसेनाशी करायची, ही सवय मला आमच्या व्यवसायातली सर्वांत घातक सवय वाटते.

त्याच प्रोग्राममध्ये टर्मिनल, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याची खिडकीही असते. टर्मिनलचा फॉन्ट वेगळा दिला नाही, तर व्हीएस कोड एडिटरचाच फॉन्ट तेथे वापरतो. आमच्याकडे जवळजवळ सर्वांचे तसेच होते. आयोसेव्हकाच्या अक्षराची रुंदी फॉन्टच्या आकाराच्या निम्मी असते. टर्मिनल सारख्या रुंदीच्या घरांची जाळी आखून प्रत्येक घरात अक्षर बसवतो, आणि त्या अरुंद घरात देवनागरी अक्षर मावत नसल्यामुळे ते शेजारच्या अक्षरावर चढते. असा मजकूर कोणी वाचत नाही. “टर्मिनलमध्ये मराठी तुटतेच” असे म्हणून सगळे पुढे जातात. मी मात्र स्वतःच्या संगणकावर टर्मिनलला देजावू सॅन्स मोनो हा फॉन्ट, आकार १८ आणि अक्षरांमधले अंतर ४ पिक्सेल असे ठेवले होते. नोंदींची पडताळणी मी तेथेच करतो आणि दमलेल्या डोळ्यांना तेथे प्रत्येक चिन्ह सुटे दिसावे, एवढाच माझा हेतू होता.

त्या टर्मिनलमध्ये दोन्ही नावे एकाखाली एक छापली आणि फरक समोर आला. पहिल्या ओळीत नुक्ता, म्हणजे खालचा टिंब असलेला ‘ऱ’ पाय मोडून स्वतःच्या घरात उभा होता आणि ‘ह’ पुढच्या घरात होता. दुसऱ्या ओळीत त्याच जागी आडव्या वळणाचा अर्धा ‘र’ होता. त्या अर्ध्या अक्षराने साठवणुकीत घेतलेले बाइट मोजले तेव्हा पहिल्या ओळीत ६ निघाले आणि दुसऱ्या ओळीत ९. नवी नोंद इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ची कळ दाबून, म्हणजे युनिकोड या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या ०९३१ क्रमांकाच्या अक्षराने झाली होती. जुनी नोंद बिगर-युनिकोड फॉन्टमधून रूपांतरित होऊन आली होती आणि तिच्यात साधा ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत भेद करणाऱ्या मराठीला हे रूप लागतेच, पण ते लिहिण्याच्या दोन वाटा आहेत याचा विचार आमच्या प्रणालीत कोणी केला नव्हता. सर्व नावे एनएफसी या, वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले तेच अक्षर एका ठरलेल्या रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीने एकरूप केलेली आहेत, असे मी स्वतः लेखी कळवले होते. एनएफसी ‘र’ आणि सुटा नुक्ता यांना जोडून ‘ऱ’ करते. जॉइनर असलेल्या रूपाला ती हातही लावत नाही.

एडिटरने मला फसवले असे मी म्हणणार नाही. मजकूर वाचता यावा म्हणून अक्षरे नीट जोडून दाखवणे हे त्याचे काम आहे, आणि त्याचा फॉन्ट त्यासाठीच निवडावा. टर्मिनलचा फॉन्ट मात्र, घरात नेमके काय येऊन पडले आहे ते दिसावे या हिशेबाने निवडायला हवा. ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी हे सांगितले, तेव्हा सगळीकडे एकच फॉन्ट असला की काम शिस्तीचे दिसते, असे त्यांचे उत्तर आले. त्यांचा अनुभव मोठा आहे, तरीही हे उत्तर मला पटलेले नाही.

दुरुस्तीला कोडची एक ओळ पुरली. दुसऱ्या दिवशी त्या आजोबांची नोंद सापडली आणि त्यांच्यासारख्या आणखी काहींचीही. त्यांच्या पिशवीत नावातील फरकाबाबतचे एक प्रतिज्ञापत्र होते. आदल्या हंगामात केंद्रावरूनच त्यांना ते करून आणायला सांगितले होते. त्यात त्यांचे नाव दोनदा टंकित केलेले होते, “उर्फ” घालून, आणि दोन्ही वेळा अगदी सारखे.