कवितेतून आलेले इंग्रजी वाक्प्रचार, वहीचा पुढचा टप्पा: फ्रॉस्टची भिंत, कोलरिजचा अल्बट्रॉस आणि बर्न्सची उंदरी

तर मंडळी, वहीचं काम बरंच पुढे सरकलंय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. इंग्रजीत रोजच्या बोलण्यात येणारे जे वाक्प्रचार कवितेतून आलेत किंवा कवितेमुळे सगळीकडे पोचलेत ते घ्यायचे, मूळ कवितेत जायचं आणि बघायचं की ती ओळ बोलतंय कोण, कोणाशी, कुठल्या प्रसंगी, आणि तिच्या लगेच पुढे काय येतं. डिक्शनरीतला अर्थ सगळ्यात शेवटी लिहायचा, कारण तो आधी डोक्यात बसला की कवितेत तोच दिसत राहतो. ही पद्धत मला किती पटलीये ते ह्या वेळच्या पहिल्याच कवितेवरून कळेल.

रॉबर्ट फ्रॉस्टची 'मेंडिंग वॉल', 1914 सालची. 'गुड फेन्सेस मेक गुड नेबर्स' हे वाक्य लोक बिनधास्त फ्रॉस्टच्या नावावर सांगतात, कुंपण घातलं की शेजारधर्म टिकतो असा सल्ला म्हणून. म्हण फ्रॉस्टची नाहीच, ती त्याच्या आधीपासून चालत आलेली. आणि कवितेत ती कवी बोलत नाही, शेजारी बोलतो. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधले दोन शेजारी दरवर्षी वसंतात मधल्या दगडी भिंतीचे ढासळलेले दगड परत रचायला येतात, एक ह्या बाजूने चालतो, एक त्या बाजूने, आणि सांगणारा म्हणतो की अरे इथे भिंत लागतेच कशाला, तुझ्याकडे पाइन आणि माझ्याकडे सफरचंदं, माझी झाडं काही तुझ्या हद्दीत येऊन पाइनची बोंडं खाणार नाहीत. ह्यावर शेजारी फक्त ती म्हण म्हणतो. सांगणाऱ्याला वाटतं, भिंत बांधायच्या आधी मी विचारलं असतं की आपण आत कोणाला ठेवतोय आणि बाहेर कोणाला. पण हे तो मनातच म्हणतो, आणि शेजारी दोन्ही हातांत दगड घेऊन येताना त्याला अश्मयुगातला माणूस दिसतो. मग ती ओळ येते जी मी वहीत लाल पेनने लिहिलीये, की हा बापाच्या म्हणीच्या मागे काय आहे ते बघायला काही जाणार नाही. आणि शेजारी म्हण पुन्हा एकदा म्हणतो, कविता तिथेच संपते.

म्हणजे बघा, एक माणूस वडिलांकडून आलेली म्हण तिच्या मागे न बघता वापरतो आणि दुसऱ्याला ते खुपतं, अशी ही कविता आहे, आणि लोकांनी उचलली ती म्हणच! पण एक गोष्ट नीट वाचल्यावरच लक्षात येते, भिंत दुरुस्त करायला चल असा निरोप शेजाऱ्याला पाठवणारा सांगणाराच असतो. त्यामुळे तो शहाणा आणि शेजारी अडाणी अशी सोपी वाटणी मला मान्य नाही. दोघं मिळूनच ती भिंत उभी ठेवतात. ह्यावर तुमचं मत वेगळं असेल तर नक्की लिहा, मला वाचायचंय.

आपल्याकडेही हे झालंय. 'लहानपण देगा देवा' आपण शाळेचे फोटो बघताना म्हणतो, बालपण परत दे अशा अर्थाने. तुकाराम महाराज लगेच पुढे म्हणतात मुंगी साखरेचा रवा, आणि मग ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार. तिथे वयाचा प्रश्नच नाही, लहान म्हणजे नम्र, मोठेपणाच्या माराला न सापडणारा. पुढची ओळ वाचा हा माझा हट्ट खरं तर ह्या अभंगापासून सुरू झाला.

आता इंग्रज कवी कोलरिज. 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर', 1798. गळ्यातला अल्बट्रॉस (हा एक मोठा समुद्रपक्षी) म्हणजे आज इंग्रजी पेपरात काहीही असतं, जुनं कर्ज, महागात पडलेला प्रोजेक्ट, पार्टीला नकोसा झालेला नेता, थोडक्यात सुटता न सुटणारं ओझं. कवितेत हा पक्षी धुक्यातून येतो, जहाजाभोवतीचा बर्फ फुटतो, खलाशी त्याला खाऊ घालतात, आणि म्हातारा खलाशी त्याला क्रॉसबोने मारतो, का ते कविता सांगतच नाही. बाकीचे आधी त्याला शिव्या घालतात, मग धुकं निवळल्यावर बरं केलंस म्हणतात, आणि वारा पडून जहाज एका जागी अडकलं की सगळा दोष पुन्हा त्याच्यावर. 'वॉटर वॉटर एव्हरीव्हेअर, नॉर एनी ड्रॉप टू ड्रिंक' ही ओळ ह्याच भागातली, आणि त्याच भागाच्या शेवटी ते मेलेला पक्षी त्याच्या गळ्यात अडकवतात, क्रॉसच्या जागी. म्हणजे हे नुसतं ओझं नाही, हे सगळ्यांना दिसेल असं गळ्यात घातलेलं पाप आहे, आणि घालणारे तेच ज्यांनी मधे एकदा त्या पापाला होकार दिला होता.

आणि वाक्प्रचारातून पूर्ण गळून गेलंय ते म्हणजे पक्षी सुटतो कसा. चांदण्यात समुद्रातले साप चमकताना बघून त्याच्या मनात आपोआप माया दाटून येते, तो नकळत त्यांना आशीर्वाद देतो, आणि त्याच क्षणी त्याला प्रार्थना करता येते आणि पक्षी गळून शिशासारखा समुद्रात बुडतो. ह्या जागेवर मी दर वेळी थांबते. पक्षी गेला तरी शिक्षा संपत नाही, त्याला ही गोष्ट लोकांना सांगत फिरावं लागतं, पण गळा मोकळा होतो तो प्रेमाने. आज कोणी अल्बट्रॉस म्हटलं की मला हे साप आठवतात.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सवर फार वेळ गेला कारण स्कॉट्स बोली, बाजूला शब्दार्थ ठेवल्याशिवाय चालत नाही. 'टू अ माऊस', आणि शीर्षकातच लिहिलंय की नांगराने तिचं घरटं उखडलं तेव्हा, नोव्हेंबर 1785. 'द बेस्ट लेड स्कीम्स ओ माइस ॲन मेन', म्हणजे उंदरांचे आणि माणसांचे नीट आखलेले बेत, हे लोक प्लॅन फसल्यावर खांदे उडवून म्हणतात, आणि बऱ्याचदा उंदीरही गाळतात, फक्त बेस्ट लेड प्लॅन्स. पण कवितेत हे वाक्य एका शेतकऱ्याने घर मोडलेल्या उंदरीची माफी मागताना तिची समजूत घालायला म्हटलंय, की तू एकटी नाहीस. ऐन थंडीच्या तोंडावर घर गेलंय, पुन्हा बांधायला गवतही उरलेलं नाही. आणि शेवटचं कडवं तर वाचाच, तो म्हणतो तरी तू सुखी, तुला फक्त आत्ताचंच दुःख आहे, मी मागे बघतो तर सगळं उदास, पुढचं दिसत नाही पण अंदाजानेच भीती वाटते. बर्न्स स्वतः शेती करायचा, हे त्या ओळींत जाणवतं.

बाकीच्या नोंदी झटपट. थॉमस ग्रेचं 'इग्नरन्स इज ब्लिस' (1747) आज टोमणा म्हणून वापरतात, पण तो ईटन शाळेची खेळणारी मुलं लांबून बघतोय, ह्यांच्या पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला माहीत आहे, आणि तो म्हणतो नको सांगायला. तो स्वतः त्याच शाळेत शिकलेला. मूळ ओळीत 'इग्नरन्स'च्या आधी 'व्हेअर' आहे, म्हणजे जिथे अज्ञानात सुख आहे तिथे, सगळीकडे नाही. मिल्टनचं 'सिल्व्हर लायनिंग', म्हणजे संकटातही दिसणारी आशा, 1634 च्या 'कोमस' ह्या काव्यनाट्यातलं, रात्री जंगलात वाट चुकलेली एक मुलगी ढगाकडे बघून विचारते की काळ्या ढगाने आपलं रुपेरी अस्तर उलटून दाखवलं की मला भास झाला, आणि पुन्हा बघून म्हणते नाही, खरंच आहे. स्टीव्ही स्मिथची 'नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग' (1957), म्हणजे हात हलवत नव्हतो, बुडत होतो, जेमतेम बारा ओळींची, बोलणारा मेलेला, आणि काठावरचे लोक म्हणतात बिचारा, मस्तीखोर होता. ही अजून नीट लिहायचीये, तिच्यात तीन आवाज आहेत आणि कुठला कुठे संपतो ते ठरवायला वेळ लागतोय.

पुढचा नंबर अलेक्झांडर पोपचा, 1711 चा 'एसे ऑन क्रिटिसिझम'. 'फूल्स रश इन', 'टू अर इज ह्युमन' आणि 'अ लिटल लर्निंग' हे तिन्ही त्या एकाच कवितेतले, आणि 'फूल्स' म्हणजे तिथे कवींना थेट चर्चच्या वेदीपर्यंत गाठून बडबडणारे टीकाकार आहेत. ज्यांना सोबत वाचायचंय त्यांनी पहिला भाग वाचून ठेवा, पुढच्या अपडेटमध्ये तिथूनच सुरू करते.